माल तोच, रुळांची रुंदी वेगळी

गोंदिया जंक्शन पाहिलेल्या जुन्या माणसाला रुळांच्या रुंदीचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. जबलपूरकडून सातपुडा ओलांडून येणारी नॅरोगेजची गाडी अडीच फुटी रुळांवर धावे, तर मुंबई-हावडा मार्गाचे रूळ साडेपाच फुटी. स्थानक एकच, पण एकीकडची वाघीण दुसरीकडच्या रुळांवर चढत नसे. माल उतरवायचा आणि पुन्हा चढवायचा, एवढाच उपाय. मालात खोट नसे, ती व्यवस्थेत होती. जबलपूरचा मार्ग आता ब्रॉडगेज झाला. मात्र जिल्ह्यातल्या झेरॉक्सच्या दुकानांत, फोटो स्टुडिओंत आणि शाळांच्या संगणक खोल्यांत एका संगणकावरचा ड्राइव्ह दुसऱ्यावर उघडत नाही, तेव्हा तोच जुना घोळ नव्या रूपात समोर येतो. दोष मात्र दिला जातो पेनड्राइव्हला, नाहीतर तो घेऊन आलेल्या माणसाला.

ड्राइव्ह फॉरमॅट करणे म्हणजे त्यावर एक नोंदवही आखणे: कोणती फाइल कुठे सुरू होते, कुठे संपते, मोकळी जागा किती. विंडोजची एनटीएफएस ही पद्धत १९९३ची, लिनक्सची ईएक्सटी४ २००८ची, अ‍ॅपलची एपीएफएस २०१७ची. प्रत्येकीची आखणी निराळी. लिनक्सवर तयार झालेला ड्राइव्ह विंडोजला लावला, की पडद्यावर सूचना येते: वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल. खाली दोन बटणे, फॉरमॅट आणि रद्द. खरे तर संगणकाला म्हणायचे असते, ‘ही वही मला वाचता येत नाही’. पण वाचणाऱ्याला वाटते, ड्राइव्ह बिघडला आहे आणि फॉरमॅट केला की दुरुस्त होईल. फॉरमॅट होताच जुन्या नोंदवहीवर नवी कोरी वही आखली जाते आणि शाबूत असलेले लग्नाचे चित्रीकरण किंवा शाळेचे दप्तर हाताबाहेर जाते.

हा तंत्रज्ञानाचा नाइलाज आहे, असे म्हणावे तर पुरावा उलट बोलतो. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये एक्सफॅट ही पद्धत आणली. तिचा तपशील कंपनीने ऑगस्ट २०१९ मध्ये सर्वांसाठी खुला केला आणि त्याच वर्षीच्या लिनक्स ५.४ मध्ये तिला जागा मिळाली. अडचण कोडची कमी आणि परवानगीची जास्त होती. दुसरीकडे, ईएक्सटी४चे कोड पहिल्यापासून उघडे असूनही विंडोज असा ड्राइव्ह सरळ लावून दाखवत नाही. मॅक एनटीएफएस वाचतो, पण त्यावर लिहू देत नाही. म्हणजे भिंत आहे ती कंपन्यांच्या मर्जीची. तिचा भुर्दंड मात्र भरतो देवरी किंवा सालेकसाहून कामासाठी गोंदियाला आलेला माणूस, ज्याला या पद्धतींची नावेही ठाऊक असण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, आता ड्राइव्ह कशाला, सगळे मोबाइलवरून पाठवता येते. दोन पानांचा दाखला येतो. पण लग्नाचे वीस-तीस जीबीचे चित्रीकरण दिवसाला दीड-दोन जीबीच्या डेटापॅकवर आणि जंगलपट्टीतल्या नेटवर्कवर कसे उतरवायचे? दुसरा आक्षेप असा, की सगळीकडे विंडोजच तर आहे. पण खिशातला फोन बहुधा अँड्रॉइड असतो आणि अनेक फोन एनटीएफएसचा पेनड्राइव्ह ओळखतच नाहीत. जुनी फॅट३२ जवळपास सर्वत्र चालते, पण ती चार जीबीहून मोठी फाइल घेत नाही. ड्राइव्हवर भरपूर जागा असूनही सिनेमा कॉपी होत नाही, तो यामुळे. तिसरा आक्षेप वजनदार आहे: विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते म्हणून एक्सफॅट वापरावी, तर मध्येच ड्राइव्ह उपटला किंवा वीज गेली, की ती एनटीएफएसइतकी सावरत नाही. हे मान्य. म्हणून एक्सफॅट ने-आण करण्यासाठी वापरावी, साठवणीसाठी नाही. मूळ प्रत वेगळ्या ठिकाणी असलीच पाहिजे.

केंद्र सरकारने २०१०मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे धोरण स्वीकारले. नागरिकाला सरकारी माहितीसाठी एखाद्या कंपनीच्या दारात उभे राहावे लागू नये, हा त्याचा गाभा. तोच न्याय काउंटरवरून हातात ठेवल्या जाणाऱ्या ड्राइव्हलाही लावायला हवा. कार्यालय, शाळा, सेवा केंद्र, स्टुडिओ, जो कोणी ड्राइव्ह देतो त्याने तो एक्सफॅटमध्ये द्यावा आणि वर तशी चिठ्ठी चिकटवावी. संगणक शिकवणाऱ्या वर्गांनी टायपिंगच्या आधी एवढे शिकवावे, की फॉरमॅटची सूचना आली तर ‘रद्द’ दाबायचे आणि तो ड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर लावून पाहायचा. कोरा ड्राइव्ह एक्सफॅट करायला जेमतेम मिनिट लागते. तेवढे मिनिट देणाऱ्याने खर्च केले नाही, तर भरलेला ड्राइव्ह मोकळा व्हायलाही तेवढेच मिनिट पुरते.