"औषध काहीच नाही!"



शनिवार-रविवारी मी इथे सहसा काहीतरी हलकंफुलकं लिहितो. या वेळी जरा भांडायचंय. कोणाशी? तर "आयुर्वेदिक आहे रे, साइड इफेक्ट नसतात" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाशी. त्यात माझी सख्खी आत्या आली, ऑफिसातले निम्मे मित्र आले आणि काही वर्षांपूर्वीचा मीही आलो.

आत्या चौलला राहते. नारळ-सुपारीची वाडी, विहीर, ओटी, सगळं आहे. मागे एकदा पावसाळा संपता संपता रो-रोने मांडव्याला उतरून तिच्याकडे गेलो, तर हिचे डोळे पिवळे. जेवण जात नव्हतं, अंगाला खाज सुटलेली. "पित्त झालंय, उतरेल," हे तिचं निदान. जबरदस्तीने अलिबागला नेलं. यकृताचे आकडे भलतेच वर, पण काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निगेटिव्ह. डॉक्टरांनी तीनदा विचारलं, "काकू, कुठलं औषध चालू आहे?" तिन्ही वेळा उत्तर एकच. "औषध काहीच नाही!"

परत येताना गाडीत सहज म्हणाली, "तो गुळवेलीचा काढा तेवढा घेते रोज. इम्युनिटीला. वाडीतल्या आंब्यावर चढलीय ना, तीच वेल."

मी गाडी बाजूला घेतली आणि डॉक्टरांना फोन लावला. काढा त्याच दिवशी बंद. दोन महिन्यांत आकडे खाली आले. काढ्यानेच झालं हे शंभर टक्के सिद्ध झालं का? नाही, आणि डॉक्टरांनीही तसा दावा केला नाही. पण आत्या खोटं बोलत नव्हती हे लक्षात घ्या. तिच्या लेखी तो काढा औषध नव्हताच. माझं भांडण नेमकं याच्याशी आहे.

गुळवेलीची गोष्ट एकट्या आत्याची नाही. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी असे सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ मध्ये ते शोधनिबंधात मांडले. २०२२ मध्ये देशातल्या वेगवेगळ्या रुग्णालयांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यकृताला झालेली इजा बरीचशी ऑटोइम्यून आजारासारखी दिसत होती. म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते तशी. इम्युनिटी वाढवायला निघालो आणि...

आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. वनस्पती नीट ओळखली नसेल, गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात असेल, असं त्यांचं म्हणणं. चला, मान्य करू. मग मला सांगा, आत्याच्या आंब्यावरची वेल कोणत्या जातीची हे कोणी तपासलं होतं? किती तुकडा, किती पाण्यात, किती दिवस, हे कोणी लिहून दिलं होतं? "वेल चुकीची असेल" हा बचाव झाला, पण तोच तर माझा आरोप आहे!

आता माझी स्वतःची कहाणी. नाइट शिफ्ट, कँटीनचं जेवण, छातीत जळजळ आणि दर आठवड्याला अंगावर पित्त उठायचं. तुम्ही आयटीत असाल तर पुढचं सांगायची गरज नाही :-) एका वैद्यांकडे गेलो. त्यांनी पाऊण तास बोलणं ऐकून घेतलं. (मागच्या डॉक्टरांनी चार मिनिटं दिली होती, तीही लॅपटॉपकडे बघत.) तीन चूर्णं दिली. रात्रीचं दही, लोणचं, जागरण आणि चहा बंद केला. सहा महिन्यांत बरं वाटलं. मी आयुर्वेदाचा भक्त झालो.

नंतर डोक्यात आलं, की एका रिलीजमध्ये सात बदल ढकलले आणि बग गेला, तर कुठल्या बदलाने गेला? आपल्या टीममधला ज्युनियर असं करून "फिक्स झालं सर" म्हणाला तर आपण त्याला काय सुनावू? शिवाय जळजळ, पोटाच्या तक्रारी, एक्झिमा, अंगावरचं पित्त हे आजार मुळातच चढउताराचे. आपण औषध शोधतो ते सगळ्यात वाईट आठवड्यात. त्यानंतर थोडा उतार पडायचाच असतो. त्याचं श्रेय त्या वेळी हातात असलेल्या पुडीला मिळतं.

आणि आपला 'पित्त' हा शब्द! छातीत जळजळ म्हणजे पित्त, अंगावर गांधी म्हणजे पित्त, डोकं दुखून उलटी झाली तरी पित्त. जळजळीत पोटातलं आम्ल वर येतं, गांधी हिस्टामिनमुळे येतात, आणि आत्याच्या डोळ्यांत होतं ते बिलिरुबिन. तिन्हीसाठी तपासण्या वेगळ्या. गांधींवर आमसुलाचं पाणी लावा, बरं वाटतं, आमच्याकडे घरोघर लावतात. पण त्याच आमसुलाच्या भरवशावर कावीळ दोन आठवडे अंगावर काढू नका.

"मग अॅलोपथीवाले काय दिवे लावतात?" हा प्रश्न येणारच. बरोबर आहे. वर्षानुवर्षं अॅसिडिटीच्या गोळ्या न विचारता खाणारे आपणच. नायट्यावर मेडिकलमधून स्टेरॉइडची ट्यूब आणून चोळणारेही आपणच. पण त्या गोळीला नाव असतं, मिलिग्रॅम असतात, दुष्परिणाम छापलेले असतात. डॉक्टरांनी विचारलं तर सांगता येतं. पुडीतल्या चूर्णाचं काय सांगणार? "तपकिरी होतं"?

हे सगळं आयुर्वेदाविरुद्ध आहे असं वाटत असेल तर चरकसंहिता उघडा. न ओळखलेलं औषध विष, शस्त्र, आग यांच्यासारखं आणि नीट ओळखलेलं अमृतासारखं, असं चरक पहिल्याच अध्यायात बजावतो. पिंपळी, क्षार आणि मीठ अति वापरू नका हेही तोच सांगतो. मात्रा, काळ, प्रकृती यांवर पानंच्या पानं आहेत. म्हणजे "साइड इफेक्ट नसतात" हे चरकाचं मत नाही, ते जाहिरातवाल्यांचं आहे. आमच्याच रायगड जिल्ह्यात, पनवेलला, कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२ मध्ये औषधांचा कारखाना काढला. दीडशे वर्षांपूर्वीच आपण घरच्या खलबत्त्यातून कारखान्यात आलो. मग कारखान्याचे नियम नकोत कसे? आजही शास्त्रीय ग्रंथातलं औषध ग्रंथात सांगितलेल्या आजारासाठी विकायचं, तर परवान्याला रुग्णांवरच्या चाचण्या लागत नाहीत. जुना ग्रंथ पुरतो. दोन हजार वर्षं जुना कोड आहे म्हणून टेस्टिंगशिवाय प्रॉडक्शनला टाकाल का?

तर माझं म्हणणं एवढंच. वैद्यांकडे जायचंय? जरूर जा, पदवी आणि नोंदणी बघून जा. औषधाचं नाव आणि मात्रा लिहून घ्या, पुडी असली तरी. एका वेळी एकच बदल करा आणि तारखेसह वहीत टिपा. किती दिवसांत फरक पडला नाही तर थांबायचं, हे आधीच ठरवा. महिनोन् महिने काही घेणार असाल तर मध्ये यकृत-मूत्रपिंडाची तपासणी करा. डोळे पिवळे, काळी किंवा रक्ताची शी, कारण नसताना वजन उतरणं, गांधींबरोबर ओठ सुजणं किंवा श्वास लागणं, यांत काढा नाही, हॉस्पिटल. आणि कुठल्याही डॉक्टरने "काय घेता?" विचारलं तर काढा, चूर्ण, आसव, सगळं सांगा.

आत्या आता ठणठणीत आहे. परवा गेलो तर आंब्यावरची वेल तशीच. "ती कशाला तोडू? वेलीने थोडंच सांगितलं होतं रोज पी म्हणून," म्हणाली. फ्रीजवर मात्र एक कागद चिकटवलाय. बीपीची गोळी, कॅल्शियम, आणि खाली तिच्या अक्षरात, 'काढा (बंद)'.

तुमच्या घरच्या फ्रीजवर असा कागद आहे का? या वीकेंडला आईला विचारून बघा. "औषध काहीच नाही" म्हणाली तर पुन्हा एकदा विचारा.