सतरा इंच कशाला?

आमच्या दादाला पोलो जीटीला सतरा इंची अलॉय घालायचेत. माझा विरोध आहे. त्याच्या गाडीला कंपनीचा टायर १८५/६० आर १५, म्हणजे टायरची बाजू १११ मिमी उंच. २०५/४० आर १७ मध्ये ती ८२ मिमीच उरते. चोर्ला घाटातल्या खड्ड्याचा धक्का हीच बाजू झेलते. ती कमी झाली की रिम वाकते, टायरला फुगा येतो. हौसच असेल तर १९५/५० आर १६ घ्या. व्यास ६०३ वरून ६०१ मिमी, त्यामुळे स्पीडोमीटरही फारसा चुकत नाही. रिमची रुंदी, ऑफसेट नि लोड इंडेक्स मात्र तपासा. दादा म्हणतो, "गाडी भारी दिसली पाहिजे!" अरे, पण मागच्या सीटवर आई बसते. रात्री घाटात टायर फुटला तर तो रुबाब काय कामाचा?