आर्सेनिक काढले, पण ठेवले कुठे?

पूर्वी हस्तलिखितातील चुकलेल्या अक्षरावर लेखनिक पिवळा हरताळ फासून ते नाहीसे करीत. हा हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. इतरांच्या चुका झाकणारे हे मूलद्रव्य स्वतः मात्र कशानेही नष्ट होत नाही. विहिरीचे पाणी शुद्ध करण्याच्या चर्चेत नेमका याच गोष्टीचा आपल्याला विसर पडतो.

बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील यज्ञसेनी रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये मांडलेली तीन टप्प्यांची पद्धत मला याच कारणासाठी महत्त्वाची वाटते. पहिल्या टप्प्यात दूषित पाणी कायटोसानच्या थरातून जाते. कायटोसान हा खेकडे, कोळंबी यांच्या कवचांपासून मिळणारा विघटनशील पदार्थ. त्यावर बसविलेली लोह व ॲल्युमिनियमची संयुगे आर्सेनिक धरून ठेवतात. थराची क्षमता संपली की तो अल्कधर्मी द्रावणाने धुतला जातो. दुसऱ्या टप्प्यात मेम्ब्रेनच्या साहाय्याने ते द्रावण पुन्हा वापरण्यासाठी वेगळे केले जाते आणि मागे आर्सेनिक संहत स्वरूपात उरते. तिसऱ्या टप्प्यात शेणातील सूक्ष्मजीव त्याला मिथाइल गट जोडतात आणि असेंद्रिय आर्सेनिकचे तुलनेने कमी विषारी सेंद्रिय रूप तयार होते.

बहुतेक गाळणयंत्रांचा विचार पहिल्या टप्प्यापाशीच संपतो. पाणी स्वच्छ झाले, पण वापरून झालेला थर कोठे गेला? तो परसात टाकला, तर काही पावसाळ्यांनंतर तेच आर्सेनिक पुन्हा विहिरीच्या वाटेला लागू शकते. विष एका घरातून काढून शेजाऱ्याच्या दारात ठेवणे, याला शुद्धीकरण म्हणता येणार नाही.

हा प्रश्न केवळ गंगेच्या खोऱ्याचा नाही. कर्नाटकातील रायचूर आणि यादगीर जिल्ह्यांच्या सुवर्णपट्ट्यात सोन्यासोबत आर्सेनिकयुक्त खनिजे आढळतात आणि तेथील काही गावांच्या भूजलातही ते उतरले आहे. या विषाला रंग नाही, वास नाही, चव नाही. पाणी उकळल्याने ते जात नाही; वाफ उडून गेल्यामुळे उरलेल्या पाण्यातील त्याचे प्रमाण उलट वाढते. पिण्याच्या पाण्यातील मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम एवढी सूक्ष्म आहे. त्वचेवर डाग उमटून शरीर तक्रार करते, तोवर त्या पाण्याची अनेक वर्षे पिऊन झालेली असतात.

तरीही कौतुक करताना दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. पहिला रसायनशास्त्राचा. सेंद्रिय आर्सेनिक सरसकट निरुपद्रवी नसते. त्याची काही त्रिसंयुजी मिथाइल रूपे अत्यंत विषारी आहेत आणि मातीतील सूक्ष्मजीव ही प्रक्रिया उलटही फिरवू शकतात. म्हणून जमिनीत पुरलेल्या त्या शेणाची तपासणी वर्षानुवर्षे व्हायला हवी. शेणाविषयीची आपली आत्मीयता हा त्या तपासणीला पर्याय नव्हे; येथे काम करतात ते सूक्ष्मजीव, श्रद्धा नव्हे.

दुसरा प्रश्न व्यवस्थेचा. पश्चिम बंगालमध्ये १९८३ पासून हा आजार ज्ञात आहे. तेथे बसविलेली कितीतरी संयंत्रे देखभालीअभावी निकामी ठरली. थर कधी बदलायचा, धुवण कोणी गोळा करायचे, पाणी कोणी तपासायचे, हे ठरलेले नसेल तर उत्तम शोधही गावात पोहोचून गंजतो. स्वच्छ दिसणारे पाणी देणारे बंद पडलेले यंत्र तर अधिकच घातक, कारण ते खोटा विश्वास देते.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी शुद्धीकरणाचा कोणताही नवा शोध वाचताना एक सवय लावून घ्यावी: 'किती टक्के काढले' या आकड्यावर न थांबता 'काढलेले कोठे गेले' हेही शोधावे. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम शाळेत शिकलेला असतो. तो विहिरीच्या काठावरही तितकाच लागू आहे.