क्रेडिट कोणाच्या खात्यात?

क्रेडिट म्हटले की आम्हा बँकवाल्यांची नजर आपोआप खातेवहीच्या उजव्या बाजूला जाते. विद्यापीठांनीही हा शब्द उचलला, त्याला आमची हरकत नाही. पण शब्द उचलला आणि अक्कल मात्र काउंटरवरच विसरले!

युरोपात 1987 साली इरॅस्मस योजना निघाली. एका देशातल्या पोरांनी दुसऱ्या देशात जाऊन सत्र-दोन सत्रे शिकावे, असा उदार हेतू. वर्षाला 60 क्रेडिटे, एका क्रेडिटला 25 ते 30 तासांची मेहनत. निघण्यापूर्वीच करारनामा: तिथला कुठला विषय इथल्या कुठल्या विषयाच्या जागी धरायचा. नियम सांगतो, जुळवताना लवचिक राहा. पण नियम वर असतो आणि टेबल खाली, हे मी कोणाला सांगायला हवे?

समजा, इटलीतली एक मुलगी संगीतशास्त्र शिकायला व्हिएन्नाला निघाली. टेबलावरचा प्रश्न ठरलेला : ‘विषय आमच्याशी तंतोतंत जुळतो का?’ अहो, तंतोतंत जुळत असता तर पोरीने गाडीभाडे कशाला घातले असते?

व्हिएन्नाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मोझार्टच्या ‘रेक्वियेम’चे हस्तलिखित आहे. 1791 साली तो ते अपुरे टाकून वारला. मग आयब्लर आणि झ्युसमायर यांनी त्यात भर घातली. कुठला स्वर कोणाच्या हातचा, हे ठरवणे म्हणजे शुद्ध आमचे काम, सही ताडून पाहण्याचे. मोझार्टचे कागद कधीचे, हे ठरवायला पंडित त्यांवरची जलचिन्हे तपासतात. आम्ही नोट उजेडासमोर धरून दुसरे काय करतो? पण आम्हाला पंडित कोणी म्हणत नाही. (असो.) हल्ली हस्तलिखितांची छायाचित्रे घरबसल्या दिसतात, मग जायचे कशाला, असे एक शहाणे म्हणाले. नोटेच्या फोटोवर पैसे देणारा कॅशियर मला दाखवा!

या विद्येचा आराखडा 1885 साली मांडणारा ग्वीदो आडलर कायद्याचा पदवीधर. व्हिएन्ना विद्यापीठात त्याच्याआधी शिकवणारा हान्सलिकही तोच. आपले भातखंडेसुद्धा वकील. त्या टेबलावर तिघांचेही अर्ज ‘विषय जुळत नाही’ असा शेरा घेऊन परत आले असते.

बँकेत एखादी रक्कम कुठल्या खात्याची ते कळले नाही, तर आम्ही ती नाकारत नाही. सस्पेन्स खात्यात जमा करतो. विद्यापीठांनीही तसे एक खाते उघडावे. न जुळणारी क्रेडिटे तिथे सुखाने पडून राहतील. पुढे ऑडिटवाला येऊन ओरडतो, तो भाग निराळा. त्याला चहा पाजावा लागतो.