पहिलीत जाणाऱ्या मुलाला 'शूला जायचंय' म्हणता येतं का?



जून आला की दुकानांत दप्तरं, डबे, रेनकोट यांच्यासाठी गर्दी होते. राज्यात बहुतेक ठिकाणी शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. त्याआधी पालक भेटले की ठरलेला प्रश्न असतो, "बाई, शंभरपर्यंत अंक येतात, एबीसीडी येते, आता अजून काय शिकवू?" मी उलट विचारते, त्याला चड्डीचं बटण काढता येतं का? आणि घरातलं कुणी जवळ नसताना 'मला शूला जायचंय' असं सांगता येतं का? लोक हसतात. पण मी गंमत करत नसते.

काही वर्षांपूर्वी माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा पहिल्या दिवशी जागेवरून हललाच नाही. हुशार पोरगं, अंक घडाघडा म्हणायचं. मधली सुट्टी झाली, सगळे बाहेर पळाले, हा बसलेलाच. जवळ गेले तर चड्डी ओली आणि मान खाली. संध्याकाळी आई म्हणाली, "घरी ऐकत नाही ना, म्हणून आम्ही सांगायचो, थांब, शाळेत बाई छडीने मारतील." म्हणजे तो मला विचारायलाच घाबरला होता. पुढचा आठवडाभर तो शाळेत आला नाही. दोष एकट्या आईचा नाही. स्वच्छतागृह कुठे आहे हे मीही त्या सकाळी मुलांना दाखवलं नव्हतं. गुलाबाची फुलं, पुस्तकवाटप, फोटो, या गडबडीत राहूनच गेलं.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना बंदी घातली आहे. कायद्यातून छडी गेली, पण आपल्या घरच्या बोलण्यात अजून आहे. तेवढी एक धमकी बंद केलीत तरी अर्धी तयारी झाली म्हणा.

बाकीची तयारी अगदी साधी आहे. नवा डबा घरीच चार दिवस वापरायला द्या. त्याला उघडता येत नसेल तर महागाचा असला तरी उपयोग नाही, पोळीभाजी तशीच घरी परत येते. झोपायची वेळ हळूहळू अलीकडे आणा. आणि शाळेत सोडल्यावर त्याची नजर चुकवून निघून जाऊ नका हो! "साडेबाराला येते" हे त्याला कळत नाही. "डबा खाल्लास, मग शेवटची घंटा झाली, की मी फाटकापाशी" हे कळतं. आणि तेव्हा खरंच तिथे उभे राहा.

राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू आहे. त्याच्या मेळाव्यात शारीरिक, सामाजिक आणि भावनिक विकासाच्याही कृती घेतात. पण पालकांची गर्दी असते ती अंक-अक्षरांच्या टेबलापाशी. (आम्ही शिक्षकही तिथेच जास्त रमतो, हे कबूल करायला हवं.)

आता थोडं शिक्षकांसाठी. पहिल्या दिवशी गाणी-गोष्टींच्या आधी मुलांना घेऊन शाळेभर एक फेरी मारा. पाण्याचा नळ, स्वच्छतागृह, कडी कशी लावायची, कशी काढायची, सगळं दाखवा. उन्हाळाभर बंद असलेल्या शाळेत कडी गंजलेली असते, टाकी कोरडी असते. स्वच्छतागृह घाण असेल तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. त्यांनी शाळा उघडायच्या आठवडाभर आधी येऊन नळ सोडून बघायला काय हरकत आहे?

आणखी एक. प्रत्येक घरात या गोष्टीला शब्द वेगळा असतो. कुणी 'शू' म्हणतं, कुणी 'एक नंबर', कुणाच्या बोलीत तिसराच शब्द. मूल तो शब्द बोलतं आणि आपल्याला कळतच नाही. म्हणून हल्ली प्रवेशाच्या दिवशी जन्मतारखेबरोबर मी आईवडिलांना तो शब्दही विचारते आणि वहीत मुलाच्या नावासमोर लिहून ठेवते.