काळोखात झोपणारा पहारेकरी

ज्या गोंदिया जिल्ह्यात तिरोडा येथे ३३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र उभे आहे, त्याच जिल्ह्यातील गृहस्थाने दारावरच्या कॅमेऱ्यासाठी बॅटरी विकत घ्यावी, हे चित्र विलक्षण खरे. येथे निर्मितीचा तुटवडा हे कारण नव्हे. वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडते, एखादे रोहित्र जळते, आणि मोहल्ला काही तास काळोखात बुडतो. वीज आहे; ती उंबरठ्यापर्यंत येत नाही, एवढेच.

गतवर्षी मे महिन्यात प्रस्तुत लेखक सहकुटुंब परगावी गेला असता अंगणातील सायकल चोरीस गेली. परतल्यावर चित्रीकरण पाहिले. रात्री एक वाजून दहा मिनिटांपर्यंत रिकामे अंगण आणि सायकल. पुढचे चित्र एकदम साडेतीनचे, त्यात नुसते अंगण. मध्यंतरी वीज नव्हती. नुकसान फार नाही. पण चोर येतो तेव्हाच पहारेकरी झोपत असेल तर त्याला पगार कशाचा द्यावयाचा, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या शिक्षकास पडणारच.

हिशेब अवघड नाही. चार कॅमेरे, चित्रे साठविणारा डीव्हीआर आणि इंटरनेटचा राउटर यांना मिळून सुमारे ४० वॅट लागतात. संगणकाच्या लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते. तिच्यात ८४ वॅट-तास मावतात. घट वजा जाता मोठ्या कष्टाने तासभर निभावते. घरच्या १५० अँपिअर-तासांच्या इन्व्हर्टर-बॅटरीत १८०० वॅट-तास असतात. त्यांतील निम्मेच हाती लागले तरी एकट्या कॅमेऱ्यांना अख्खी रात्र पुरून उरतील. परंतु वैशाखात त्याच बॅटरीवर दोन पंखे व दिवे चालतात, भार दोनशे वॅटांपलीकडे जातो, आणि चार तासांत सारे आटोपते. यास्तव कॅमेऱ्यांसाठी निराळी बॅटरी असावी. ही उपकरणे बहुतेक १२ व्होल्टवरच चालत असल्याने थेट तेवढाच नियंत्रित दाब देणारा छोटा यूपीएस अधिक किफायतशीर. १२ चे २३० आणि २३० चे पुन्हा १२ करण्यात वीज वाया जाते. राउटरचा मात्र लोकांना विसर पडतो. पुण्यातील मुलास आमगावचे वृद्ध आईबाप कॅमेऱ्यातून पाहावयाचे असतील, तर घरच्या राउटरप्रमाणे खांबावरील इंटरनेटच्या पेटीलाही वीज हवी, आणि ती पेटी आपल्या हाती नाही.

येथवर प्रश्न खासगी होता. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ या ग्रंथात दाखविले, की सेवा बिघडली म्हणजे जे ग्राहक सर्वांत बोलके तेच प्रथम दुसरी वाट धरतात, आणि तक्रारीचा आवाज मावळतो. आपले इन्व्हर्टर हीच ती वाट. प्राध्यापक, डॉक्टर, व्यापारी बॅटरी घेऊन स्वस्थ बसतात. ज्याला ती परवडत नाही त्याच्या अर्जामागे उभे राहावयास कोणी उरत नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या ग्राहक हक्क नियमांत चोवीस तास पुरवठ्याचे तत्त्व आणि कसूर झाल्यास भरपाईची तरतूद आहे. ती मिळविण्यासाठी वीज किती वेळ गेली याची नोंद आधी ग्राहकाच्या हाती असावयास हवी.

तेव्हा प्रत्येक फीडरवर गेल्या महिन्यात किती मिनिटे वीज नव्हती, हा आकडा वीज कार्यालयाच्या दर्शनी फलकावर मराठीतून लागावा, असा अर्ज आम्ही आमच्या आळीतील अकरा घरांच्या सह्यांनिशी दिला आहे. छोटा यूपीएसही बसविला आहे. अर्जाच्या उत्तराची वाट पाहत आहोत.