घडीच्या कानांची किंमत

नवी दिल्ली : कानांना घडी असलेले मांजर नव्याने पाळणे नेदरलँड्समध्ये १ जानेवारी २०२६ पासून दंडनीय ठरले आहे. अशा मांजरांची पैदास तेथे २०१४ पासूनच निषिद्ध होती. आता बाळगण्यावरही बंदी आली. त्या तारखेपूर्वी जन्मलेल्या आणि चिप बसवलेल्या मांजरांना तेवढी सूट आहे. बेल्जियमच्या फ्लँडर्स प्रदेशाने २०२१ मध्ये त्यांच्या पैदाशीला मनाई केली. हेच ‘स्कॉटिश फोल्ड’ मांजर भारतातील महानगरांत हौसेने पाळले जाते, घरातल्या घरात त्याची वीण घेतली जाते आणि समाजमाध्यमांवरून पिल्ले विकलीही जातात.

या वाणाचा उगम १९६१ मधला. स्कॉटलंडच्या पर्थशायरमधील कूपर अँगस गावाजवळच्या एका शेतावर ‘सुझी’ नावाची दुमडलेल्या कानांची पांढरी मांजरी आढळली. तिच्या वंशजांचा ब्रिटिश शॉर्टहेअर या आखूड केसांच्या जातीशी संकर करून नवा वाण घडवण्यात आला. मात्र सांध्यांचे विकार लक्षात येताच ब्रिटनमधील मांजरांची नोंदणी करणाऱ्या प्रमुख संस्थेने १९७० च्या दशकाच्या आरंभीच त्याची नोंदणी थांबवली. वाण अमेरिकेत गेला आणि तेथे मान्यता पावला.

मूळ प्रश्न कूर्चेचा आहे. जन्मतः सर्वच पिल्लांचे कान सरळ असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काहींच्या कानांना घडी पडते. ज्या दोषामुळे कानाची कूर्चा वाकते, तोच दोष पायांच्या आणि शेपटीच्या सांध्यांतही असतो. त्याला कारणीभूत असलेला जनुकीय बदल २०१६ मध्ये निश्चित झाला. तो प्रभावी स्वरूपाचा असल्याने आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. म्हणून जबाबदार पैदासकार घडीच्या कानांची जोडी एकमेकांशी लावत नाहीत, सरळ कानांच्या ब्रिटिश शॉर्टहेअरशी संकर करतात. त्यातून सरासरी निम्मी पिल्ले घडीच्या कानांची निघतात आणि त्यांचा आजार सौम्य राहतो, असा पैदासकारांचा दावा आहे. तो पूर्ण खोटा नाही. अशी काही मांजरे वरकरणी सुखात जगतातही. पण एकच सदोष जनुक असलेल्या मांजरांच्या क्ष-किरण चित्रांतही सांध्यांतील बदल आढळले आहेत, आणि मांजर वेदना लपवण्यात तरबेज असते. पाय पसरून माणसासारखे बसण्याची जी ढब छायाचित्रांत कौतुकाने मिरवली जाते, ती दुखऱ्या सांध्यांवरील भार टाळण्याची धडपड असू शकते, असे पशुवैद्यक सांगतात.

आखूड केसांच्या मांजरांची हौस मुळात दोषी नाही. ब्रिटिश शॉर्टहेअरचा काळजीपूर्वक छंद जोपासणारे वीण घेण्यापूर्वी मूत्रपिंडातील गाठींच्या आनुवंशिक विकाराची चाचणी करतात. दोन्ही पालकांचा रक्तगटही तपासतात, कारण ‘बी’ गटाच्या आईचे दूध ‘ए’ गटाच्या नवजात पिल्लांच्या जिवावर बेतू शकते. पण ही शिस्त सर्वस्वी ऐच्छिक आहे.

भारतीय कायद्यातील पोकळी येथेच आहे. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार श्वानांची पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि मादीच्या विणीवर मर्यादा पाळावी लागते. मांजरे या नियमांत नाहीत. २०१८ चे नियम पाळीव प्राण्यांच्या दुकानांपुरते, म्हणजे विक्रीपुरते आहेत. जोडी कोणती लावावी, यावर ते काही सांगत नाहीत. उरतो १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याच्या ११ व्या कलमात पहिल्या गुन्ह्यास १० ते ५० रुपये दंड आहे, आणि आनुवंशिक वेदना जाणूनबुजून जन्माला घालणे त्यात क्रूरता म्हणून नोंदलेलेच नाही.

यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. श्वानांचे नियम याच कायद्याच्या ३८ व्या कलमाखाली झाले. मांजरांचेही तसेच होऊ शकतात. तोवर पैदासकार चौथ्या आठवड्यापर्यंत थांबतो, कान पाहतो आणि मग दर ठरवतो. घडी पडलेले पिल्लू महाग जाते; सरळ कानांचे, बहुधा अधिक निरोगी भावंड स्वस्तात.